म्हातारपणीचं प्रेम दाखवायला कुणीतरी मरायलाच हवं का?

बास झालं आता! सिनेमात नवरा-बायको साठीच्या पुढे गेले की एकाला मारल्याशिवाय प्रेम दाखवताच येत नाही का? एक जण कॅन्सरने जाणार नाहीतर सगळं विसरणार, दुसरा फोटोला हार घालून रडणार आणि आपण रुमाल काढायचा. आणि मारलं नाही तर हसं करतात, आजोबांनी आजीचा हात धरला रे धरला की विनोदी म्युझिक, नातवंडं खिदळतात, सून तोंड फिरवते. अरे, नवरा-बायको आहेत ते!

२००३ चा 'बागबान' घ्या. अमिताभ आणि हेमा मालिनीचं प्रेम दिसायला पोरं नालायक निघावी लागली, दोघांची ताटातूट व्हावी लागली. १९६५ च्या 'वक्त'मध्ये बलराज साहनी सगळ्यांसमोर अचला सचदेवकडे बघून गातात आणि ती लाजते, इतकं गोड, अजून लोक गातात ते गाणं, पण तिथेही लगेच भूकंप आणून दोघांना तोडलंच!

माझे आईबाबा रोज भांडतात, टीव्हीच्या आवाजावरून, पंख्यावरून, भाजीतल्या मिठावरून. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा बाबांनी महिनाभर मोबाईलवर अलार्म लावून तिच्या डोळ्यांत थेंब घातले, हात थरथरतो त्यांचा तरी एक वेळ चुकवली नाही, आणि ती डोळे मिटून पडल्या पडल्या त्यांनाच ओरडत होती की तुमची बीपीची गोळी राहिली. हे कधी दाखवणार?