वॉरंटीच्या भांडणासाठी मुंबई गाठायची गरज नाही

लातूर-नांदेडच्या ग्रुपांवर फिरतंय: 'बिल जपा. ऑनलाइन घेतलेला हातातला गेम कन्सोल वॉरंटीत बिघडला नि विक्रेत्याने हात वर केले, तर केस मुंबई-दिल्लीतच लागते.' बिलाचं खरं, बाकी चूक. ग्राहक संरक्षण कायदा, 2019, कलम 34 नुसार ग्राहक राहतो किंवा कामधंदा करतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार चालते. उदगीरकराला लातूर पुरे. 5 लाखांपर्यंतच्या मालाला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. तक्रार करायची मुदत मात्र 2 वर्षं. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. निन्टेंडो स्विच या कन्सोलसारख्या आयात मालावर बहुधा दुकानदाराचीच वॉरंटी असते, कंपनीची नव्हे (हे विकताना कुणी सांगत नाही!), ती मुदतीसकट बिलावरच लिहून घ्या.