दानचा शिलालेख खरा, पण संदेशातलं बाकीचं?

इस्राएलच्या उत्तर टोकाला, हर्मोन डोंगराच्या पायथ्याशी दान हे प्राचीन शहर आहे. बायबलमध्ये अख्खा देश सांगायचा तर ‘दानापासून बैर-शेब्यापर्यंत’ म्हणतात, आपल्याकडच्या ‘अटक ते कटक’सारखं. या सरहद्दीवरच्या शहराबद्दल एक संदेश सारखा फिरतो आहे: बायबलमधला मूळपुरुष अब्राहाम ज्या वेशीतून गेला ती सापडली, सोन्याच्या वासराचं देऊळ सापडलं आणि शिलालेखाने बायबलमधला शब्दन् शब्द खरा ठरवला.

आधी वेस. कच्च्या विटांची, शाबूत कमानींची ही वेस इ.स.पू. अठराव्या शतकाच्या आसपासची आहे आणि १९७९ साली उजेडात आली. थोडाच काळ वापरून ती मातीत बुजवली गेली, म्हणून तर टिकली. पण ‘अब्राहामाची वेस’ हे नाव पर्यटकांसाठीचं. बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात अब्राम (अब्राहामाचं आधीचं नाव) शत्रूंचा पाठलाग दानपर्यंत करतो, एवढंच आहे. वेशीचा उल्लेखही नाही. शिवाय बायबलमधलंच ‘शास्ते’ पुस्तक सांगतं की गावाचं आधीचं नाव लईश, दान हे नाव पुढे पडलं.

वासरू मिळालेलं नाही. इस्राएलचा राजा यराबाम याने दानला सोन्याचं वासरू बसवलं ही कथा बायबलच्या ‘१ राजे’ पुस्तकात आहे. पुरातत्त्वज्ञ अव्राहम बिरान यांच्या उत्खननात तिथे मोठं पूजास्थान मिळालं, आणि १९७६ साली ग्रीक-अरामी लेखही: ‘दानमधल्या देवाला’ केलेला नवस. पण तो लेख यराबामानंतर कित्येक शतकांनी कोरलेला. तिथे पूजा चालत होती हे पक्कं. वासरू होतं हे त्यावरून ठरत नाही.

आता शिलालेख. १९९३ साली बेसाल्टचा एक तुकडा सापडला, पुढच्या वर्षी आणखी दोन. इ.स.पू. नवव्या शतकातली ही अरामी भाषेतली फुशारकी आहे. कोरवून घेणारा बहुधा दमास्कसचा राजा हजाएल. त्यात ‘दाविदाचं घराणं’ असे शब्द आहेत. दावीद म्हणजे बायबलमधला प्रसिद्ध राजा. दाविदाच्या काळानंतर शंभर-दीडशे वर्षांत शत्रूही यहूदाच्या (इस्राएलच्या दक्षिणेकडच्या राज्याच्या) राजांना त्याच्या नावाने ओळखत होता, ही मोठी गोष्ट आहे. पण दाविदाने मारलेला राक्षसी योद्धा गल्याथ किंवा दाविदाचं भव्य साम्राज्य याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

उलट एक पेच आहे. तुटलेली अक्षरं अभ्यासकांनी जुळवली त्याप्रमाणे हा राजा म्हणतो, इस्राएलचा योराम आणि यहूदाचा अहज्या यांना मी मारलं. ‘२ राजे’च्या नवव्या अध्यायात हे दोन्ही वध इस्राएलचं सिंहासन बळकावणाऱ्या येहू या सेनापतीच्या नावावर आहेत! मग ‘शब्दन् शब्द’ कुठे राहिला? जिंकणारा राजा सगळं श्रेय स्वतःकडे ओढतो, हेही खरंच म्हणा.

दुसऱ्या टोकाचे लोक म्हणतात, शिलालेखच बनावट. तेही पटत नाही. तुकडे बाजारात नाही, उत्खननातच मिळाले. ‘घराणं’ आणि ‘दावीद’ यांच्यात शब्द तोडणारा ठिपका नाही म्हणून ते एखाद्या गावाचं किंवा देवाचं नाव असेल, असंही सुचवलं गेलं. पण मूळपुरुषाच्या नावाने राज्य ओळखायची रीत त्या काळी होतीच: अश्शूरी लेखांत इस्राएलला तिथल्या अम्री राजाच्या नावाने ‘अम्रीचं घराणं’ म्हटलं आहे.

पुढे कोणीतरी हा विजयस्तंभ फोडला आणि त्याचा तुकडा वेशीजवळच्या भिंतीत साध्या दगडासारखा चिणला. बाकीचा दगड अजून हाती लागलेला नाही.