लाल गोल दिसला की राष्ट्रध्वज?

“जुन्या जपानी छापचित्रांतील सहली-जत्रांमध्ये पंख्यांवर लाल गोल दिसतो; म्हणजे तिथला सामान्य माणूस शेकडो वर्षे राष्ट्रध्वज मिरवत आला आहे,” असा दावा चित्रांसह सर्वत्र फिरतो आहे. त्यातला गोल खरा आहे. ध्वज मात्र मागाहून चिकटवलेला आहे.

पहिला आक्षेप काळाचा. पांढऱ्या कापडावरील लाल गोल ही जपानी जहाजांची खूण म्हणून शोगुनशाहीने (सम्राटाच्या नावाने चालणाऱ्या लष्करी राजवटीने) १८५४ मध्ये ठरवली, १८७० मध्ये तिच्या जागी आलेल्या मेइजी सम्राटाच्या सरकारने व्यापारी जहाजांसाठी तिचा नियम केला आणि राष्ट्रध्वजाचा कायदा तर थेट १९९९ मध्ये झाला. सूर्याचा पंखा याहून कितीतरी जुना आहे. पण जुनेपणामुळे पंख्याचा ध्वज होत नाही.

दुसरे म्हणजे, एदोकालीन (शोगुनशाहीच्या काळातील, १६०३–१८६८) विहारदृश्यांत चिन्हांचा तोटा नाही, पण ती राष्ट्राची नव्हेत. साकुराच्या झाडांखाली ताणलेल्या पडद्यांवर घराण्यांची मोने (कुलचिन्हे) असतात, कंदिलांवर चहागृहांची नावे असतात. छापचित्रकार हिरोशिगेच्या १८५८ मधील, एदो (आजचे तोक्यो) शहरातल्या र्योगोकु पुलाजवळच्या आतषबाजीच्या चित्रात नदी आहे, नावा आहेत, वर फुटणारा बाण आहे. राष्ट्राचे चिन्ह शोधूनही सापडत नाही. शेवंती हे सम्राटाच्या घराण्याचे चिन्ह असले, तरी किमोनोवरच्या शेवंतीला सरसकट राजचिन्ह मानू नये. बहुतेकदा ती शरदातले फूल एवढीच असते.

दाव्यात तथ्य आहे ते मेइजी काळापुरते. तोक्योच्या उएनो उद्यानातील १८७७ चे औद्योगिक प्रदर्शन आणि १८८४ मध्ये शिनोबाझु तळ्याभोवती सुरू झालेल्या घोड्यांच्या शर्यती यांच्या तीन कागद जोडून केलेल्या छापचित्रांत ध्वज खरोखरच फडकतात. परंतु प्रदर्शन सरकारने भरवले होते आणि शर्यतींच्या उद्घाटनाला स्वतः सम्राट हजर होते. अशा ठिकाणचा ध्वज आयोजनाविषयी बोलतो. गर्दीच्या पिढीजात सवयीचा पुरावा म्हणून तो चालणार नाही. शिवाय प्रकाशकांना समारंभाच्या दिवशीच चित्रे विकायची असल्याने चित्रकार कित्येकदा समारंभ पाहण्याआधीच चित्र पूर्ण करीत. तेव्हा ध्वजांची संख्याही जपूनच मोजावी.

चित्राचा काळ ताडून पाहणे अवघड नाही. १८५२ नंतरच्या पुष्कळ छापचित्रांवर वर्षाच्या प्राण्याचे (बारा वर्षांच्या चक्रात प्रत्येक वर्षाला एक प्राणी असतो) नाव असलेला लहानसा शिक्का असतो. तो बहुधा कडेला असतो, आणि मोबाइलच्या पडद्यासाठी चित्र कापताना नेमका तोच भाग जातो.