तो फोटो माझ्या आईचा आहे

आज सकाळी शाळेच्या ग्रुपवर एक रील आली. फोटो एकच, त्याला मागे बासरी, खाली मोठ्या अक्षरात "सीना नदीच्या पुरात अडकलेली माउली. शेअर केल्याशिवाय पुढे जाऊ नका." कोपऱ्यात कुठल्याशा पेजचा लोगो. पाच-सहा जणांनी हात जोडून ठेवलेले. मी ट्रेनमध्ये होते, हातपाय गार पडले.

ती मराठवाड्याकडची सीना नाही, आमची वाशिष्ठी आहे. आणि ती माउली माझी आई आहे. फोटो २२ जुलै २०२१ चा, चिपळूणचा, आमच्या घराच्या माळ्यावरचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या भिंतीवर २००५ च्या पुराची खूण होती. दादा म्हणाला, फार तर तिथवर येईल. सामान खुणेच्या वर चढवून ठेवलं. त्या दिवशी वरून पाऊस, खालून भरती, आणि पाणी त्या खुणेच्या किती वर गेलं ते मोजायला खाली कोणी उरलंच नव्हतं. सगळे माळ्यावर. लाइट गेलेले. वहिनीच्या फोनला ११ टक्के बॅटरी. तिने शिडीवर उभं राहून एक फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपवर आम्ही पाच माणसं. खाली लिहिलं, "आई बरी आहे." बस. तो फोटो आम्हाला दिलेला निरोप होता. त्यानंतर रेंज गेली ती दुसऱ्या दिवसापर्यंत.

फोटोत आई पत्र्याच्या ट्रंकेला टेकून बसली आहे. मांडीवर स्टीलचा डबा, त्यात देव्हाऱ्यातले देव. अंगात गाऊन, केस सुटलेले, अंबाडाही बांधलेला नाही. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं. माझी आई गाऊनवर दूध घ्यायलासुद्धा दारात येत नाही. खांद्यावर टॉवेल टाकल्याशिवाय पडवीत पाऊल टाकत नाही. आयुष्यभर जिने हे जपलं तिचा तसा फोटो आज चार वर्षं अख्खा महाराष्ट्र बघतोय, हळहळतोय, पुढे ढकलतोय.

हो, फोटो घरातून बाहेर मीच नेला. ते लपवणार नाही. होडी हवी होती, दोरी घेऊन जाणारं कोणीतरी हवं होतं. दिसेल त्या ग्रुपवर पत्ता लिहून तो फोटो टाकला. तेव्हा लाज नव्हती, फक्त भीती होती. आणि असे फोटो बाहेर गेले नसते तर पुढच्या आठवड्यात गावोगावहून चटया, भांडी, धान्य घेऊन ट्रक आले असते का? नसते आले. मान्य. पण मी पत्ता लिहिला होता, दादाचा नंबर लिहिला होता. दोनच दिवसांत कोणीतरी पत्ता कापला, नंबर कापला, आईला तेवढी ठेवली. एका चॅनेलने तर आम्हाला न विचारता दिवसभर तोच फोटो फिरवला. बाजारात दुकानातला चिखल उपसता उपसता एकजण तिला म्हणाला, "काकू, तुम्ही टीव्हीवर होतात की!" बिचारा कौतुकानेच म्हणाला असेल. त्या गणपतीत आई कोणाकडेच दर्शनाला गेली नाही.

पूर ओसरल्यावर मी गेले तेव्हा घरात गुडघाभर गाळ. फोटोंचे अल्बम कपाटात फुगून बसलेले. आईबाबांच्या लग्नाच्या फोटोंवरचा प्लास्टिकचा कागद सोडवायला गेलं की चेहरेच कागदाबरोबर निघून येत होते. आई म्हणाली, राहू दे, टाक. आम्ही फावड्याने टाकले. म्हणजे जे फोटो आम्हाला हवे होते ते गाळात गेले आणि जो नको होता तो काही केल्या बुडत नाही.

जपानमध्ये ११ मार्च २०११ ला त्सुनामी आली, त्यानंतर लोकांनी ढिगाऱ्यातून दुसऱ्यांचे फोटो उचलले. यामामोतो नावाच्या गावात तर लाखो. स्वयंसेवकांनी ते एकेक करून पाण्यात धुतले, वाळवले आणि ज्याचे त्याला सापडावेत म्हणून लावून ठेवले. अनोळखी माणसाचा फोटो हाती लागल्यावर पहिला प्रश्न, हा कोणाचा? इथे पहिला प्रश्न, लोगो कुठल्या कोपऱ्यात बसेल?

त्या पेजवाल्याला मी मेसेज केला. उत्तर आलं, "ताई, नेटवरून घेतलाय." नेटवर काय झाडाला लागतात फोटो? आपल्याकडे १९५७ पासून कॉपीराइटचा कायदा आहे, फोटो काढणाऱ्याचा असतो. माझ्या वहिनीचा आहे तो. हैतीच्या २०१० च्या भूकंपात डॅनियल मोरेल या तिथल्याच फोटोग्राफरने आपले फोटो इंटरनेटवर टाकले, ते विनापरवाना जगभर विकले गेले. तो अमेरिकेच्या कोर्टात गेला आणि २०१३ मध्ये ज्यूरीने त्याला बारा लाख डॉलरहून जास्त भरपाई दिली. पण तो व्यावसायिक फोटोग्राफर होता. माझी वहिनी बालवाडीवर शिकवते, ती कुठल्या कोर्टात जाणार? आणि तिला पैसे नकोच आहेत. "मला विचारलं असतं तर आईंचे केस तरी बांधले असते," एवढंच ती तेव्हा म्हणाली होती.

आणि सीनाकाठच्या लोकांचं काय? त्यांच्या जमिनी खरडून गेल्यात, गुरं वाहून गेलीत. त्यांनीही फोटो काढलेत, स्वतःच्या दारातून, स्वतःच्या थरथरत्या हातांनी, पत्ता आणि गावाचं नाव लिहून. ते कोणी पुढे पाठवत नाही, कारण त्यात बासरीला शोभेल असा चेहरा नाही. चार वर्षं जुनी माझी आई त्यांच्या वाट्याची जागा अडवून बसली आहे. तिला हे कळलं तर तिलाच जास्त वाईट वाटेल.

सकाळी ग्रुपवर मी फार तोडून बोलले. ज्याने ती रील टाकली तो मनाने चांगला आहे, पुराच्या वेळी त्याने स्वतः पैसे पाठवले होते. त्याला माहीत नव्हतं. अरे, पण विचारायचं ना! एक ओळ लिहायची, कोणी ओळखतं का यांना?

मित्रमैत्रिणींनो, ज्यांच्या फोनमध्ये तो आहे त्यांनी काढून टाका. ज्या ग्रुपवर पाठवला असेल तिथे जाऊन लिहा की हा चिपळूणचा आहे, जुना आहे. मराठवाड्यासाठी पाठवायचंच असेल तर तिथल्या माणसाला विचारून त्याचं गाव, त्याची गरज पाठवा, मी सगळ्यांत आधी पुढे पाठवीन. आणि हे आजच करा. वहिनीचा जुना फोन आता आईकडे असतो, गल्लीच्या ग्रुपवर तीही आहे. दुपारची जेवणं झाली की चष्मा लावून ती सगळे मेसेज वाचत बसते.