‘अकरावं कार्ड’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

राष्ट्रीय ओळखपत्रावरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं: खिशात दहा कार्डं असतातच, अकरावं आलं म्हणून काय बिघडलं? शिवाय खर्च फारसा नाही, दहशतवाद रोखायला कार्ड हवंच, जर्मनीत ते चालतंच आहे, आणि लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरायचं कशाला? आणि शेवटी, मी ‘अर्धवट वाचून लोकांना घाबरवतो’.

आधी माझी चूक. ब्रिटनमधली युद्धकाळातली ओळखपत्रं १९५१ साली बंद झाली असं मी लिहिलं होतं. ती बंद झाली फेब्रुवारी १९५२ मध्ये. १९५१ हे ओळखपत्र दाखवायला नकार देणाऱ्या विलकॉक यांच्या खटल्याच्या निकालाचं साल. ते तुम्ही दाखवून दिलंत, त्याबद्दल आभार मानतो. पण एक साल चुकलं म्हणून ‘अर्धवट वाचून’ हा शेरा? नोंदणीचे कायदे आणि त्यामागचे तांत्रिक आराखडे वाचणं हे माझं अनेक वर्षांचं काम आहे. मत पटलं नाही तर तसं म्हणा, हरकत नाही. मात्र दुसऱ्याच्या अभ्यासावर बोट ठेवण्याआधी त्याचा लेख शेवटपर्यंत वाचावा, एवढी अपेक्षा गैर नाही. तुम्ही तो वाचला असतात तर ‘अकरावं कार्ड’ हे वाक्य लिहिलंच नसतंत, कारण निम्मा लेख त्याच वाक्याला धरून आहे. असो. पुन्हा सांगतो.

तुमच्या खिशातल्या दहा कार्डांवर दहा वेगळे क्रमांक आहेत. वाचनालयाचा वेगळा, बँकेचा वेगळा, दवाखान्याचा वेगळा. तुम्ही कोणती पुस्तकं नेता हे बँकेला कळत नाही, आणि तुमच्या खात्यात किती पैसे आहेत हे दवाखान्याला. कुणाला या नोंदी जोडायच्याच असतील तर नावावरून जोडाव्या लागतात. तिथे अडचणी येतात: एका ठिकाणी पूर्ण नाव, दुसरीकडे आद्याक्षरं, पत्ता जुना, जन्मतारखेत एक आकडा चुकलेला. प्रत्येक शंकेच्या जागी माणूस बसवून जुळवाजुळव करावी लागते. त्यात वेळ जातो, पैसा जातो, म्हणून सहसा कुणी त्या वाटेला जात नाही. आता या दहाही ठिकाणी एकच कायमचा क्रमांक लिहिणं सक्तीचं करा. दोन तक्त्यांत एक रकाना सारखा झाला की ते जोडायला संगणकाला एका ओळीची आज्ञा पुरते. अकरावं कार्ड आधीच्या दहांच्या शेजारी जाऊन बसत नाही, ते त्या दहांना एका दोऱ्यात ओवतं.

दुसरी गोष्ट पडताळणीची. कार्ड नुसतं डोळ्यांनी पाहून परत दिलं तर मागे काही उरत नाही. तेच कार्ड यंत्रात घालून मध्यवर्ती नोंदवहीला विचारलं की तिथे एक ओळ तयार होते: क्रमांक, तारीख, वेळ, कुणी विचारलं. महिन्याभरात अशा पन्नास ओळी जमल्या की तुम्ही कुठल्या डॉक्टरकडे जाता आणि कुठल्या गावी मुक्काम करता, हे कुणी न विचारता समजतं. ही माझी कल्पना नाही. ब्रिटनच्या २००६ च्या ओळखपत्र कायद्याच्या परिशिष्टात नोंदवहीत काय काय साठवायचं याची यादी होती, आणि तुमची माहिती कुणाला, केव्हा पुरवली गेली हे त्या यादीतच होतं. तो कायदा २०१० साली रद्द झाला आणि ती नोंदवही नष्ट करण्यात आली.

तिसरी गोष्ट बोटांच्या ठशांची, कारण तुम्ही ‘यंत्र चुकत नाही’ असंही लिहून गेलात. ठसा ताडण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत तुमचं बोट तुमच्याच कार्डातल्या चिपमधल्या ठशाशी ताडलं जातं, म्हणजे तुलना एकच. दुसरीत ते देशातल्या सगळ्यांच्या ठशांतून शोधलं जातं. यंत्र दहा लाख तुलनांमागे एकदाच चुकतं असं धरा. पहिल्या पद्धतीत ती चूक जवळपास दिसणारच नाही. दुसऱ्या पद्धतीत ६ कोटी लोकांच्या नोंदवहीत एका बोटाच्या शोधात सरासरी ६० परके लोक जुळतील. त्या साठांपैकी एक तुम्ही असलात, तर ‘तो मी नव्हेच’ हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. उलट बाजूला, ज्यांचे ठसे मजुरीने किंवा वयाने झिजलेत त्यांचं बोट स्वतःशीच जुळत नाही. अशा माणसाला काउंटरवरून परत पाठवलं जातं. आणि नोंदणीच खोट्या जन्मदाखल्यावर झाली असेल, तर सगळी यंत्रं त्या खोट्या माणसाला खरा म्हणूनच ओळखत राहतात.

आता तुम्ही ज्या सालावरून मला धरलंत त्या ब्रिटनकडे पुन्हा येऊ. १९३९ साली तिथे नोंदणी सुरू झाली ती ३ कारणांसाठी: लष्करभरती, देशाची सुरक्षा आणि शिधावाटप. १९५० पर्यंत ३९ सरकारी खाती त्या नोंदी वापरत होती. युद्ध संपून पाच वर्षं झाली होती. त्याच वर्षी डिसेंबरात पोलिसांनी क्लॅरेन्स विलकॉक यांची मोटार अडवून ओळखपत्र मागितलं आणि त्यांनी नकार दिला. खटला वरच्या न्यायालयात गेला. दोष कायम राहिला, पण शिक्षा झाली नाही. मुख्य न्यायमूर्ती लॉर्ड गोडार्ड यांनी पोलिसांनाच सुनावलं की अशा सरसकट मागणीने कायदा पाळणारी माणसं कायद्याच्या विरोधात जातात. यात दुष्ट सरकार कुठेच नाही. प्रत्येक खात्याला आपली सोय दिसली, एवढंच. तुम्ही साल बरोबर सांगितलंत, पण त्या सालामागे काय घडलं याकडे पाहिलं नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटलं.

जर्मनीचा दाखला तुमच्यापेक्षा माझ्या बाजूने जास्त बोलतो. तिथे बायोमेट्रिक माहितीची देशव्यापी नोंदवही करायला कायद्यानेच मनाई आहे, ठसे चिपमध्येच राहतात. नवं कार्ड घेतलं की कार्डाचा क्रमांक बदलतो. ऑनलाइन माहिती वाचायची तर संस्थेला आधी परवाना काढावा लागतो, आणि तुम्ही सहा आकडी पिन टाकल्याशिवाय काही वाचता येत नाही. वय तपासायचं असेल तर जन्मतारीख न सांगता फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर जातं. २०२१ च्या कायद्याने तिथेही करक्रमांकावरून सरकारी नोंदी जोडायची वाट मोकळी केली आणि त्यावर वाद झाला, हेही सांगायला हवं. अशा बांधणीचं कार्ड आणा, मी विरोध करणार नाही. लेखात मी हेच लिहिलं होतं, तेही ठळक अक्षरांत.

खर्च आणि दहशतवाद यांवर इथे लिहीत नाही. माझा आक्षेप त्यांवर उभा नाही. लपवण्यासारखं काही नसण्याबद्दल एवढंच विचारतो: पत्र बंद पाकिटात घालताना तुम्ही कुठला गुन्हा लपवता?

पुन्हा लिहिणार असाल तर तीन गोष्टींची उत्तरं द्या. तुमच्या मनातल्या कार्डात पडताळणीची ओळ कुणाकडे राहील? किती दिवसांनी पुसली जाईल? आणि ती कुणी कुणी पाहिली हे नागरिकाला बघता येईल का? एस्टोनियात सरकारी नोंदींच्या बाबतीत ही शेवटची सोय आहे. ‘अर्धवट’ वगैरे शब्द मात्र या वेळी बाजूला ठेवा.

१९५२ ची दुरुस्ती मूळ लेखात केली आहे.