पाच तारे कधी विचारायचे?

कर पोर्टलवर प्राप्तिकराचं विवरणपत्र सबमिट झालं रे झालं की स्क्रीनवर पाच तारे झळकतात. 'आमची सेवा कशी वाटली?' त्या क्षणी माणूस सुटलो बुवा एवढ्याच भावनेत असतो. पाचही तारे देऊन मोकळा होतो. मग अहवालात छापून येतं, नागरिक समाधानी आहेत!

ज्यांनी अर्ध्यावर नाद सोडला त्यांना कोण विचारतं? ज्यांनी वैतागून पैसे मोजले आणि जाणकाराकडून फॉर्म भरून घेतला, तेही 'ऑनलाइन भरणाऱ्यां'च्याच आकड्यात जातात. कर सक्तीचा, आणि सरकारला पर्यायी दुकान नाही. तेव्हा 'इतक्या लोकांनी पोर्टल वापरलं' यात कौतुक कसलं?

माझं म्हणणं, तारे परतावा खात्यात जमा झाल्यावर विचारा. नाहीतर नोटिशीला उत्तर दिल्यावर. सगळं भरून झालं की लाल अक्षरांत 'माहिती अवैध आहे' असं येतं. कुठली माहिती, कुठला रकाना, पत्ता नाही. शोधत बसावं तर सेशन संपतं. हेल्पलाइन लागलीच तर सल्ला मिळतो, वेबसाइट बघा. डीलोन आणि मॅक्लीन या संशोधकांनी माहिती यंत्रणांच्या यशाचं मॉडेल १९९२ मध्ये मांडलं आणि २००३ मध्ये सुधारलं, तेव्हा त्यात सेवेचा दर्जा मुद्दाम वेगळा घातला. नुसती यंत्रणा चालून भागत नाही.

कधी तीही चालत नाही म्हणा. १७ एप्रिल २०१८ ला, ऐन शेवटच्या तारखेला, अमेरिकेच्या कर खात्याची यंत्रणा कोलमडली. त्यांनी सरसकट एक दिवस मुदत वाढवली, हे मात्र बरं केलं.

मला खरं पटतं ते डेन्मार्क, एस्टोनियासारख्या देशांचं. पगार, व्याज यांचे आकडे सरकारकडे आधीच पोचलेले असतात, म्हणून विवरणपत्र बरंचसं भरूनच समोर येतं. आपण फक्त तपासायचं. तुमच्याकडे आकडा आहे, तर तो मला पुन्हा लिहायला का लावता? आणि वर जुळला नाही म्हणून खुलासाही मागता!

यातही गोम आहेच. भरलेलं आलं की लोक न वाचताच 'मान्य' दाबतात आणि चुकलं तर मान करदात्याचीच अडकते. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी तो कोणी कळवला हे दिसू द्या. हरकतही तिथेच घेता आली पाहिजे, चार मेनू खाली जाऊन नव्हे.