दारं उघडायचे पैसे

"मावशी, तुझं बरं आहे गं. चार दारं उघडायची आणि दोन टक्के खिशात घालायचे."

हे आमच्या भाच्याचं म्हणणं. नोकरीला कंटाळलाय, आता प्रॉपर्टीच्या धंद्यात उतरायचंय म्हणतो. तेव्हा मी नुसती हसले, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. म्हणून ही लांबलचक पोस्ट. त्याला टॅग केलंय, बाकीच्यांनी वाचली तरी चालेल.

आधी त्या दारांबद्दल. गिऱ्हाईक यायच्या अर्धा तास आधी मी तिथे असते. बरेच महिने बंद असलेल्या घरात पहिलं पाणी तांबूस येतं, आणि येणारा माणूस नेमका तोच नळ सोडतो. म्हणून सगळे नळ आधी वाहू द्यायचे. खिडक्या उघडून कोंदट वास घालवायचा. दिवे लावून बघायचे, मेलेली झुरळं उचलायची. माझ्या पर्समध्ये लिपस्टिक नसेल एखादे दिवशी, पण टेप आणि टॉर्च असतातच. एवढं सगळं आवरून दारात उभं राहावं आणि फोन वाजावा, "मॅडम, आज नाही जमत, पुढच्या आठवड्यात बघू." त्या अर्ध्या तासाचे पैसे शून्य. व्यवहार झाला तरच कमिशन, नाहीतर पेट्रोलसुद्धा आपलंच.

हे सगळ्यांना माहीत असतं. या पद्धतीने माणसाचं काय होतं, ते मात्र फारसं कोणी सांगत नाही.

माझं दुसरं वर्ष होतं. बरेच महिने एकही व्यवहार झालेला नव्हता. एका कुटुंबाला एक फ्लॅट फार आवडला. फ्लॅटच्या कागदावर मालक म्हणून नावं दोन भावांची, आणि बोलत होता एकटा थोरला. "धाकट्याचं काय, मी सांगेन तिथे सही करतो तो." मी मान डोलावली. धाकट्याला एक फोन करायला पाच मिनिटं लागली असती. तो केला नाही, कारण तो नाही म्हणाला तर काय, याची मला भीती होती. त्या कुटुंबाने टोकन, म्हणजे बयाण्याचे पैसे, देऊन टाकलं. त्या लोकांनी राहत्या भाड्याच्या घरमालकाला नोटीससुद्धा दिली. आणि धाकट्याने सही करायला साफ नकार दिला. टोकन परत मिळवायला मी महिनोन्‌महिने खेटे घातले, ते मिळालंही. पण ते कुटुंब घाईघाईत मिळेल त्या दोन खोल्यांत गेलं. त्यांच्या आई मला एवढंच म्हणाल्या, "तुम्ही विचारायला हवं होतं." भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मला नियम माहीत नव्हता असं नाही. मला पैशांची नड होती.

स्टीव्हन लेविट आणि चॅड सिव्हरसन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातल्या जवळपास एक लाख घरांच्या विक्रीचा अभ्यास करून 2008 साली एक शोधनिबंध छापला. एजंट स्वतःचं घर विकतो तेव्हा ते बाजारात साधारण साडेनऊ दिवस जास्त ठेवतो आणि त्याला 3.7 टक्के जास्त किंमत मिळते. गणित सरळ आहे. मालकाला शंभर रुपये जास्त मिळाले तर दोन टक्केवाल्याच्या हाती दोनच येतात, मग त्यासाठी आणखी दहा दिवस कोण थांबेल? दुसऱ्याच्या घराला आपण म्हणतो, "ऑफर चांगली आहे, देऊन टाका." दलाल लबाड असतात हे ऐकून मला राग येतो, पण या आकड्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

अमेरिकेत तर कमिशनवरून मोठा खटलाच झाला. तिथल्या एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेने 2024 मध्ये 41.8 कोटी डॉलर देऊन तडजोड केली. तेव्हापासून तिथल्या बहुतेक एजंटांना घर दाखवायच्या आधीच खरेदीदाराशी लेखी करार करावा लागतो, आपण किती घेणार ते आकड्यात लिहून. आपल्या धंद्यातले बरेच जण नाकं मुरडतील, पण मला हे पटतं. शेवटच्या दिवशी, सह्या होत असताना कमिशनवर घासाघीस करण्याइतकं लाजिरवाणं काही नाही. समोरच्याला वाटतं आपण लुटतोय, आपल्याला वाटतं तो बुडवतोय.

तर भाच्या, बोलायची कला वगैरे नंतर येते. आधी वर्षभराचा घरखर्च बाजूला टाक. लोक म्हणतात सहा महिन्यांचा पुरे, पण मला तो कमी वाटतो. ही शिल्लक तुझ्या चैनीसाठी नाही. समोरचा माणूस घराच्या प्रेमात पडलाय, तुला मात्र बाथरूमच्या मागच्या भिंतीवर नव्या रंगाखाली ओल दिसतेय, तेव्हा "हे घर घेऊ नका" म्हणायची ताकद त्या शिलकेतून येते. डोक्यावर हप्ता असलेल्या माणसाला ती ओल दिसतच नाही. मी तो माणूस होते, म्हणून सांगते.

आणि हो, "नका घेऊ" म्हटलं म्हणून तो परत तुझ्याकडेच येईल असं समजू नकोस. काही येतात. काही दुसऱ्या एजंटकडे जाऊन तेच घर घेतात, आणि वास्तुशांतीला तुला बोलावतात.

एवढं वाचूनही यायचं असेल तर रविवारी सकाळी आठला ये. एक घर दोन वर्षं बंद आहे, दहाला पार्टी येणार आहे. चावी माझ्याकडे आहे, झाडू तू आण.